बॅटरीची बाजू

मोटार सुरू झाली नाही की आपण एकमुखाने जिला शिव्या घालतो, त्या बॅटरीच्या वतीने मला आज बोलायचे आहे. वकीलपत्र तिने दिलेले नाही. पण तिचा छळ मीच केलेला असल्यामुळे खटल्यातली माहिती मला जरा जास्त आहे.

आमची गाडी छावणीत पत्र्याच्या शेडखाली उभी असते. आईला दमा. अपरात्री दवाखाना गाठायची वेळ आली तर रिक्षा शोधत हिंडायला नको, म्हणून कर्ज काढून ती घेतली. आणि तेवढ्यासाठीच घेतली असल्यामुळे एरवी वापरायची नाही, असे ठरले. गुरुवारी तर छावणीचा बाजार, जनावरांची गर्दी. त्या दिवशी तिला चादर पांघरून ठेवत असू. रविवारी लोखंडी पूल ओलांडून गावात जाऊन येणे, एवढाच तिचा प्रवास.

गेल्या मे महिन्यात पहाटे तीन वाजता आईला धाप लागली. मी किल्ली फिरवली. ‘खट्ट!’ पुन्हा फिरवली. पुन्हा ‘खट्ट’, पण आता जरा नाराजीने. शेवटी आई शेजाऱ्यांच्या रिक्षातून दवाखान्यात गेली. रिक्षा जुनीपुराणी, पण रोज पोटासाठी बाहेर पडणारी; एका झटक्यात सुरू झाली. आई उजाडता उजाडता बरी झाली. मी अजून झालेलो नाही.

सकाळी गाडीभोवती गल्लीतली तज्ज्ञ समिती जमली. ‘‘बॅटरी गेली!’’ असा निकाल तिने बॉनेट उघडण्यापूर्वीच दिला. ‘‘हल्लीच्या बॅटऱ्यांत दम नाही हो,’’ एक पेन्शनर म्हणाले. दुसरे म्हणाले, ‘‘अॅम्बॅसिडर असती तर हँडल मारलं असतं!’’ असती तर! एक दुकानदार तर काहीही न मोजता नवी बॅटरी घेऊनच आला. त्याला थोपवून मी गॅरेजमधल्या पोराला बोलावले. त्याने मीटर लावला. ११.८ व्होल्ट. भरलेली असती तर १२.६ दाखवायला हवे होते. ‘‘काका, मेली नाही ही,’’ तो म्हणाला, ‘‘उपाशी आहे.’’

त्या शब्दाने मी खजील झालो. बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला एवढे कळू नये? स्टार्टर क्षणभरात शंभरावर अँपिअर उचलतो. तो भरणा इंजिन पुढे वाटेत हळूहळू करते. वाटच दहा मिनिटांची असेल तर भरणार कधी? शिवाय गाडी उभी असतानाही घड्याळ आणि कुलपाची यंत्रणा शिलकीला कुरतडत असतात. आमच्याकडे दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते. इथे काही आठवडे पुरतात. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाचे सल्फेट घट्ट बसते, मग ती भरूनही भरत नाही. त्यात पत्र्याखालचा मे महिना! उन्हाळा तिला आतून खातो, हिवाळ्यात ती बंद पडते आणि आपण थंडीला बोल लावतो. प्लांते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८५९ साली शिशाचे पत्रे आम्लात बुडवून ही पेढी उघडली. आधी भरा, मग काढा, हा नियम तेव्हापासूनचा आहे.

आता जे सद्गृहस्थ रोज सकाळी जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन घुरघुरत ठेवतात, त्यांच्याविषयी. गल्लीला धूर मिळतो, त्यांना समाधान मिळते. बॅटरीला मिळते ती चिल्लर. नोटा काढायच्या आणि सुट्टे पैसे भरायचे, वर ‘‘आम्ही गाडीची फार काळजी घेतो’’ म्हणून सांगायचे!

पोराने दुसऱ्या गाडीवरून वायरी जोडल्या. काळी वायर शेवटी, तीही बॅटरीला नाही, इंजिनाच्या लोखंडाला. बॅटरीपाशी ठिणगी नको म्हणून. पेन्शनरांना हे पटले नाही, पण गाडी सुरू झाली. मग गॅरेजमध्ये रात्रभर चार्जिंग.

आता दर रविवारी आम्ही वेरूळपर्यंत जाऊन येतो. आई पुढच्या सीटवर, मांडीवर पंपाची पिशवी. परवा निघताना पेन्शनरांनी हटकले, ‘‘पेट्रोल किती जातं हो?’’

मी आकडा सांगितला. त्यांनी हळहळून मान हलवली. त्यांची स्वतःची गाडी गेले तीन आठवडे चादरीखाली आहे.