मौनाची आरती

इंडी रॉकच्या भक्तमंडळींत एक तबकडी अशी आहे, की तिच्याविषयी उणा शब्द काढणे म्हणजे पायताणे घालून गाभाऱ्यात शिरणे. ‘इन दि एरोप्लेन ओव्हर दि सी’ हे तिचे नाव. जेफ मँगम आणि त्याच्या ‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’ या वाद्यमेळाने ती १९९७ साली अमेरिकेत डेन्व्हरला मुद्रित केली. पुढल्या फेब्रुवारीत ‘मर्ज’ या लहानशा कंपनीने ती बाजारात आणली. मीही एके काळी या भक्तांत होतो. आता वीसेक वर्षांनी ती पुन्हा ऐकली, आणि माझे भांडण आहे ते त्या भक्तीशी. तबकडीशी नव्हे.

आधी हिशेब पाहू. ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक प्रकाशनाने १९९८ साली तिला दहापैकी ८.७ गुण दिले. २००५ साली ती पुन्हा निघाली, तेव्हा त्याच प्रकाशनाने दहापैकी दहा दिले. परीक्षक निराळा होता, हे मान्य. पण सात वर्षांत तबकडीत काय बदलले? एक सूर वाढला नाही, एक शब्द गळला नाही. बदलले ते इतकेच, की गायक गप्प बसला. १९९८ च्या दौऱ्यांनंतर मँगम लोकांतून उठून गेला. नव्या गाण्यांची तबकडी त्याने काढली नाही. वरचे ते एक पूर्णांक तीन दशांश गुण गाण्याचे नव्हेत, मौनाचे आहेत, असे माझे म्हणणे आहे.

आणि हा आरोप मी दुसऱ्यावर का करू? २००६ साली मी अमेरिकेत शिकत होतो. खोलीतल्या सोबत्याने तबकडी हाती देताना गाण्यांविषयी अवाक्षर काढले नाही. तो म्हणाला, “हे गाऊन हा माणूस नाहीसा झाला.” झाले! मृत्युपत्राचे वाचन ऐकावे तशी मी ती ऐकली. ज्याचे मृत्युपत्र, तो इसम धडधाकट होता, हे मनात आणायलाही मी तयार नव्हतो. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, “ओरडतो फार.” आठवडाभर मी तिच्याशी धड बोललो नाही. आज सांगतो, ती बरोबर होती. तो ओरडतो. सुराच्या पुढे धावतो, आवाज फाटतो, आणि फाटलेल्या आवाजानेच पुढची ओळ घेतो. त्या गाण्यांचे बळ तिथेच आहे. पण ते ऐकायला आधी ‘ओरडतो’ हे कबूल करावे लागते, आणि आम्ही तर डोळे मिटून बसलो होतो.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. ॲन फ्रँकची रोजनिशी वाचून मँगम हादरला. त्या मुलीचा शोक या गाण्यांत भरून राहिला आहे. विद्यार्थिदशेत मला वाटे, दुःख गायकाचे आहे, आणि त्याच्या मार्फत थोडे माझे. ॲन कुठे तरी मागे उभी असे. १९४५ साली बेर्गन-बेल्झनच्या छावणीत ती मेली तेव्हा पंधरा वर्षांची होती. माझी मुलगी यंदाच्या श्रावणात पंधरा पुरी झाली. आता ऐकताना गायक मागे सरतो आणि ती मुलगी पुढे येते. काही ठिकाणी या गाण्यांत शोक आणि अभिलाषा यांची अशी सरमिसळ होते, की बापाच्या कानांना ती सोसत नाही. मेलेल्या मुलीला आपल्या व्याकुळतेचे निमित्त करण्याचा अधिकार कोणाला? हा प्रश्न या तबकडीच्या पोटातच आहे. तो विचारणे म्हणजे पाखंड नव्हे. तो न विचारता धूप जाळीत बसणे हा त्या मुलीचा अपमान आहे.

२०१३ साली हा वाद्यमेळ पुन्हा रंगमंचावर आला, २०१५ पर्यंत गात राहिला. मला आनंद व्हावा की नाही? मी खट्टू झालो. देव घरी जेवायला यावा आणि त्याने मीठ मागावे, तसे काहीसे वाटले. इतकी आमची भक्ती!

या तबकडीत ‘ओ कम्ली’ नावाचे आठ मिनिटांहून लांब गाणे आहे. गिटार आणि गळा, दोन्ही त्याने एका दमात उरकले. शेवटी मागून सोबत्यांपैकी कोणी तरी थक्क होऊन ओरडतो; तो उद्गार इथे छापण्याजोगा नाही. तो त्यांनी पुसला नाही. पूर्वी मला ते गालबोट वाटे. आता ते गाणे मी त्या उद्गारासाठी शेवटपर्यंत ऐकतो. एका खोलीत चार माणसे होती, आणि त्यांतल्या एकाला दुसऱ्याचे गाणे आवडले, इतका साधा पुरावा तिथे आहे.

परवा मी काम करीत असता तबकडी चालू होती. कन्या दारात येऊन उभी राहिली. गायक नाहीसा झाल्याची गोष्ट मी तिला सांगितली नाही. मोठ्या कष्टाने जीभ आवरली.

“बाबा, हे काय वाजतंय? कोणी रडल्यासारखं?”

“करवत. ज्युलियन कोस्टर नावाचा माणूस वाजवतो.”

“लाकूड कापायची करवत?”

“तीच. वाकवून तिच्यावर गज फिरवतात.”

“परत लाव,” ती म्हणाली. “तेवढंच. तो ओरडतो ते नको.”