चीनसारखा कायदा हवा म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय. "लोकसंख्या आटोक्यात आणायची तर चीनसारखा कडक कायदा पाहिजे." खाली अंगठेच अंगठे. त्यात दोन मास्तर आणि एक डॉक्टर! आता गप्प बसवत नाही.

चीनने 1980 च्या सुमारास एका जोडप्याला एकच मूल हे धोरण आणलं आणि 2015 अखेरपर्यंत रेटलं. पस्तीस वर्षं! मूल जन्माला घालायला परवाना लागायचा. दुसरं झालं तर दंड, तोही वर्षाच्या कमाईच्या कित्येक पट. 2012 साली शान्सी प्रांतात एका घरातून दंडाचे 40 हजार युआन भरले गेले नाहीत, म्हणून सात महिन्यांच्या गरोदर बाईला उचलून नेलं आणि इंजेक्शन टोचून गर्भ पाडला. तिच्याशेजारी ठेवलेल्या त्या बाळाचा फोटो जगभर गेला, तेव्हा कुठे काही अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. प्रसिद्ध सिनेदिग्दर्शक झांग यिमौ यांना मात्र तीन मुलं होती. 2014 मध्ये त्यांना सुमारे 75 लाख युआन दंड झाला, त्यांनी भरला, विषय मिटला. पैसेवाल्याला पावती, गरिबाला सुई.

आणि दंड न भरता वाढलेली पोरं? त्यांची घरनोंदणीच व्हायची नाही. 2010 च्या जनगणनेत असे बिननोंदणीचे सुमारे 1 कोटी 30 लाख लोक निघाले, त्यातले बरेचसे याच धोरणामुळे. नोंदणी नाही म्हणजे शाळा नाही, दवाखाना नाही. माणूस जिवंत, पण कागदावर नाही.

"पण लोकसंख्या आटोक्यात आली ना?" असं एकाने विचारलंच. अहो, 1970 मध्ये तिथे बाईमागे सरासरी साडेपाचच्या वर मुलं होती. 1979 पर्यंत ती तीनच्या खाली आली होती, म्हणजे हा कायदा यायच्या आधीच. (आधीची मोहीमही काही मवाळ नव्हती, हे खरं.) आणि आपल्या महाराष्ट्रात 2019-21 मध्ये हा आकडा 1.7 होता. पोरी शिकल्या, लग्नं लांबली, दोनावर थांबायचं घराघरात ठरलं. आणीबाणीत आपल्याकडेही नसबंदीची जबरदस्ती झाली होती. आमच्या वडिलांच्या पिढीने ती पाहिली. पण 1977 ला देशातल्या लोकांनी मतपेटीतून ते सरकार घरी पाठवलं. चीनच्या माणसाकडे ती पेटीच नव्हती, म्हणून ते पस्तीस वर्षं चाललं.

आता पुढची गंमत ऐका, गंमत म्हणवत नाही खरं तर. 2016 पासून तिथे दोन मुलांना परवानगी, 2021 पासून तीन. पण पोरं होईनात! 2016 ला पावणेदोन कोटींच्या वर जन्म झाले होते, 2023 ला जेमतेम 90 लाख. 2022 पासून लोकसंख्या घटायला लागली. तेच सरकार आता तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला 3,600 युआन देतंय आणि जानेवारी 2026 पासून निरोधवर 13 टक्के कर लावून बसलंय. घरं महाग, शिकवण्या महाग, नोकरीवर घेताना बाईला 'मूल कधी?' हा प्रश्न, आणि एकुलत्या एकाच्या डोक्यावर म्हाताऱ्यांचा भार. पाळणा बंद करायला पोलीस पुरले, हलवायला पुरत नाहीत.

2022 च्या शांघाय लॉकडाऊनमधला एक व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. ऐकलं नाहीस तर पुढच्या तीन पिढ्यांना भोगावं लागेल, असा दम एका तरुणाला दिला जातो. तो शांतपणे म्हणतो, आमची शेवटची पिढी आहे, धन्यवाद. तो व्हिडिओ तिथल्या इंटरनेटवरून पुसून टाकण्यात आला.

तर ग्रुपवरच्या मित्रांनो, कायदा आणायचाच असेल तर पहिली सुई कोणाच्या लेकी-सुनेला टोचायची, तेवढं नावासकट कमेंटमध्ये लिहा. अंगठा चालणार नाही.