दारे उघडी, पण वाट कोण दाखविणार?

२ ऑक्टोबर १९७८ रोजी देशात राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. बाहेरून दहावीस बसू इच्छिणाऱ्यांसाठी राज्य मंडळाचा १७ क्रमांकाचा अर्जही आहे. दारे उघडी आहेत, यात शंका नाही. परंतु भोकरदन तालुक्यातील धावड्यात सातवीनंतर शाळा सुटलेल्या, आता संसारात गुंतलेल्या स्त्रीने यांपैकी कोणते दार ठोठवावे, हे तिला सांगणार कोण? अर्जाची मुदत टळली की वर्ष गेले; आणि बुडालेले वर्ष प्रौढास परवडत नाही. शासनाने नवी योजना आखण्यापूर्वी गावच्या शाळेत आठवड्यातून एक सायंकाळ जाणत्या शिक्षकास मानधन देऊन बसवावे. पुढची वाट दाखविणे हा उपकार नव्हे. ते साक्षरतेचेच उरलेले काम आहे.