सही कुणाची, हात कुणाचा?

आपल्या तालुक्याच्या गावांत सध्या बायकांच्या नावावर बरंच काही आहे. पिठाची गिरणी वहिनींच्या नावावर, मसाल्याचा उद्योग सूनबाईंच्या नावावर, मंडप-डेकोरेशनचा धंदा आईच्या नावावर. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनांत महिलांना अनुदान जास्त ठेवलं गेलं आणि घरोघरी बायका मालकीणबाई झाल्या. चांगलंच झालं. पण मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारून बघा. त्या धंद्याचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? आणि त्या धंद्याची सही कुणाच्या खणात असते?

बचत गटांच्या कामानिमित्त मी बरीच गावं फिरते. हा प्रश्न विचारला की बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘ते ह्यांच्याकडे असतं’, ‘दादा बघतो’, नाहीतर ‘ते सगळं अकाउंटवाल्याकडे.’ म्हणजे पाटीवर नाव आपलं आणि सही फिरतेय दुसऱ्याच्या खिशात!

पूर्वी निदान कागद स्वयंपाकघरापर्यंत यायचा. ‘इथे सही कर’ म्हणून बोट दाखवलं जायचं. वाचायला वेळ कुणी देत नव्हतं हे खरं, पण पदराला हात पुसून पेन धरताना ‘कशाचा कागद आहे हो हा?’ एवढं विचारायची सोय होती. आता सहा आकडे सांगितले की काम झालं. चुलीवरचं दूध उतू जातंय, दारात कुणी आलंय, फोन दुसऱ्या खोलीत वाजतोय, ‘अगं, आकडे काय आलेत ते सांग पटकन!’ आणि आपण सांगून मोकळ्या होतो. त्या सहा आकड्यांनी कधी कधी एक पूर्ण करार झालेला असतो.

कायदा याकडे कसं बघतो, ते आधी नीट समजून घेऊ. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्याने डिजिटल सहीला कागदावरच्या सहीइतकंच वजन दिलं. पुढे २००८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. त्यात कलम १०-अ आलं. त्याचा सरळ अर्थ असा, की एखादा करार संगणकावरून किंवा मोबाइलवरून झाला, एवढ्याच कारणाने तो खोटा किंवा निकामी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स आणि वेदांत ॲल्युमिनियम यांच्या खटल्यात, रीतसर कागदावर सह्या झालेल्या नसतानाही ईमेलवर ठरलेला व्यवहार पक्का करार मानला. तेव्हा ‘मी कुठे कागदावर सही केली होती?’ हे म्हणणं आता पुरेसं पडत नाही.

या नव्या सह्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आपल्या वाट्याला येतात. पहिला म्हणजे पेनड्राइव्हसारखं दिसणारं टोकन. त्यात डिजिटल सहीचं प्रमाणपत्र असतं. केंद्र सरकारच्या नियंत्रकाने परवाना दिलेल्या संस्थाच ते देऊ शकतात आणि ते ठरावीक मुदतीचं असतं. ई-निविदा भरायला, कंपनीचे कागद सरकारदरबारी दाखल करायला ते लागतं. महिलांच्या शेतकरी उत्पादक कंपन्या आता गावोगावी निघाल्या आहेत. त्यांच्या संचालक बायकांच्या नावाने अशी टोकनं काढलेली असतात. पुष्कळदा ती त्यांच्या हातात एकदाही येत नाहीत. काढणाऱ्याकडून थेट हिशेब बघणाऱ्याच्या खणात जातात, पासवर्डाच्या चिठ्ठीसकट!

दुसरा प्रकार आधारवरून होणाऱ्या ई-सहीचा. २०१५ पासून ती कायद्यात बसली. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो किंवा मशीनवर बोट ठेवायचं, की कागदावर आपली सही उमटते. तिसरा प्रकार म्हणजे ‘मला मान्य आहे’ या चौकोनात केलेली टिचकी. ही पहिल्या दोन प्रकारांइतकी भक्कम सही नव्हे. वाद झाला तर ती कुणी केली हे समोरच्याला सिद्ध करावं लागतं. पण तिच्यातूनही करार होऊ शकतो, म्हणून तीही हलक्याने घेऊ नये. सुरक्षित डिजिटल सहीच्या बाबतीत मात्र न्यायालय आधी असंच धरून चालतं, की ती त्या व्यक्तीने स्वतः आणि मान्यतेनेच केली आहे. तसं नव्हतं, हे दाखवायचं ओझं आपल्या डोक्यावर येतं. टोकन आणि पासवर्ड दोन्ही आपणच देऊन टाकलेले असतील, तर ते कसं दाखवणार?

म्हणूनच कायद्याच्या कलम ४२ ने सहीच्या मालकावर एक जबाबदारी टाकली आहे. सहीची किल्ली आपल्याच ताब्यात राहील याची काळजी घ्यायची, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली असं कळलं तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला ताबडतोब कळवायचं. उलट बाजूने, दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एवढं सगळं का सांगतेय? कारण धंदा एकटीच्या नावावर असला की त्याचं कर्ज आणि आपलं कर्ज यात कायदा फरक करत नाही. गिरणीची थकबाकी ही आपलीच थकबाकी असते. आमच्या भागातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी नवीन मशीनसाठी बँकेत अर्ज केला. साहेबांनी संगणकात बघून सांगितलं, ‘तुमच्या नावावर आधीच दोन कर्जं आहेत, आणि एकाचे हप्ते थकलेत.’ बाई चक्रावल्या. घरात चौकशी केली तेव्हा कळलं, की दिराने दुकानात माल भरायला मोबाइलवरून कर्ज काढलं होतं. अर्ज वहिनींच्या नावाने, कारण दुकान वहिनींच्या नावाने. ओटीपी वहिनींनीच सांगितला होता, ‘गॅसच्या नंबरासाठी’ असेल असं समजून. दीर काही लबाड नव्हता. हंगाम साधला असता तर त्याने ते फेडलंही असतं. पण मशीनचं कर्ज बाईंना मिळालं नाही ते नाहीच.

घरच्या माणसांवर संशय घ्या, असं मी मुळीच म्हणत नाही. संसार विश्वासावरच चालतो. पण विश्वास ठेवणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर सही करून देणं वेगळं. आपल्या आयाबायांनी कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठे उठवून काय काय घालवलं, ते आपण ऐकतच वाढलो आहोत. काय आहे ते न विचारता सांगितलेला ओटीपी हा आजचा कोरा स्टॅम्पपेपर आहे.

कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचे नियम आपल्या बाजूने आहेत, फक्त ते आपल्याला माहीत हवेत. किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना १ ऑक्टोबर २०२४ पासून एक मुख्य माहितीपत्रक देणं बंधनकारक झालं. त्यात व्याज, सगळे आकार धरून वर्षाला पडणारा खरा दर आणि हप्ते लिहिलेले असले पाहिजेत, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असलं पाहिजे. म्हणजे मराठीत मागायचा आपला हक्क आहे! सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी ते पत्रक किमान तीन कामाचे दिवस कायम राहतं. म्हणजे तेवढा वेळ विचार करायला मिळतो. ‘आत्ताच्या आत्ता ओटीपी द्या, नाहीतर ऑफर जाईल’ असं कुणी म्हणालं तर तिथेच सावध व्हावं. मोबाइलवरून घेतलेल्या कर्जाला २०२५ च्या नियमांप्रमाणे फेरविचाराची किमान एक दिवसाची मुदत आहे. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून, दंड न देता कर्जातून बाहेर पडता येतं.

नाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी. हेच डिजिटल करार आपल्या फार कामाचे आहेत. घरगुती धंदा करणाऱ्या बाईचं सगळं आजवर तोंडीच चालायचं. लग्नाच्या दोनशे पुरणपोळ्या सांगायच्या, ऐन वेळी दीडशेच घ्यायच्या आणि पैसे ‘बघू पुढच्या महिन्यात.’ लेखी मागितलं तर ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ आता व्हॉट्सॲपवर ‘दोनशे नग, अमुक भाव, अमुक तारीख, निम्मे पैसे आगाऊ’ एवढं लिहून पाठवा आणि समोरून ‘हो, मान्य’ असं उत्तर घ्या. हा करारच झाला. तोंडी शब्द फिरवता येतो, लिहिलेला शब्द फिरवणं अवघड जातं.

एखाद्या दुकानाला किंवा कंपनीला माल पुरवत असाल आणि तुमची ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्याचं बळही मिळतं. पैसे देण्याची मुदत लेखी ठरलेली असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे ठेवता येत नाही. लेखी काही नसेल तर १५ दिवसांत पैसे यायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. आणि ‘लेखी’ म्हणजे कागदावरच असं नाही. पुन्हा उघडून वाचता येईल असं मोबाइलवरचं लिखाणही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४ प्रमाणे लेखीच धरलं जातं.

फक्त ते जपून ठेवावं लागतं. आपण फोन भरला की सगळं पुसून टाकतो. व्यवहाराचे मेसेज पुसू नयेत. नुसता स्क्रीनशॉट छापून न्यायालयात भागत नाही. अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या खटल्यात, तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा होता, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं, की अशा छापील प्रतीसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र जोडावंच लागतं. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तीच तरतूद आहे. ते प्रमाणपत्र वकील करून घेतील. मूळ मेसेज मूळ फोनमध्ये ठेवणं एवढं आपलं काम.

काही कागद मात्र आजही मोबाइलवर होत नाहीत, तेही लक्षात ठेवा. मृत्युपत्र ई-सहीने होत नाही. त्याला कागद आणि दोन साक्षीदार लागतातच. मुखत्यारपत्रही नेहमीच्या व्यवहारात ई-सहीवर चालत नाही. बँकांसारख्या नियंत्रित संस्थांच्या नावे द्यायच्या मुखत्यारपत्राला तेवढी २०२२ मध्ये सवलत मिळाली. जमीनजुमल्याच्या कराराला ई-सहीची आडकाठी २०२२ मध्ये निघाली, पण खरेदीखत असो की भावाच्या नावे हक्कसोडपत्र, ते रीतसर नोंदवावंच लागतं. तेव्हा ‘ताई, तुमचं हक्कसोडपत्र मोबाइलवरच होऊन जाईल, फक्त ओटीपी सांगा’ असं कुणी म्हणालं, तर फोन खाली ठेवावा आणि आधी विचारावं.

मग करायचं काय? फार काही अवघड नाही. टोकन आपल्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवा. हिशेबनिसाला गरज लागेल तेव्हा ते घेऊन आपण जावं, आपल्यासमोर वापरावं आणि परत आणावं. धंद्याला आणि आधारला आपला स्वतःचा नंबर जोडा. ओटीपीचा मेसेज आला की आकड्यांच्या आधी त्यातली अक्षरं वाचा. कशासाठी आहे ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. इंग्रजी अडलं तर लेकीला विचारा, त्यात कमीपणा नाही. सही झालेल्या प्रत्येक कराराची प्रत आपल्या फोनवर मागून घ्या. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो, तो काढून आपल्या नावावर काय काय आहे ते बघा. आधारच्या संकेतस्थळावर बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की दहा मिनिटं एवढाच विषय घ्या. प्रत्येकीने सांगायचं, माझ्या नावावर कोणता धंदा आहे, त्याचा ओटीपी कुठे येतो, टोकन कुठे आहे. ज्यांना उत्तर येणार नाही त्यांनी पुढच्या बैठकीपर्यंत घरात विचारून यायचं.

आपल्या आज्या-सासवांना ‘अंगठाबहाद्दर’ म्हणून हिणवलं गेलं. साक्षरता वर्गात कंदिलाच्या उजेडात पाटीवर नाव गिरवून त्यांच्यातल्या कित्येकींनी सही कमावली. बँकेत पहिली सही करून आलेल्या बाईच्या चेहऱ्यावरचं तेज ज्यांनी पाहिलंय, त्या विसरणार नाहीत. एवढ्या कष्टाने हाती आलेली ही सही आता डिजिटल झाली म्हणून दुसऱ्याच्या हाती का द्यायची? ती करायची की नाही, हे आपण वाचून, समजून, स्वतः ठरवायचं.