संगणक ओ देत नाही, तेव्हा



गोठ्यात गाय बसली आहे. तुम्ही हाक मारता आणि ती कानसुद्धा हलवत नाही. म्हणून कोणी लगेच ती गेली असे म्हणत नाही. आपण जवळ जातो. रवंथ चालू आहे का, पोट हलते आहे का, नाकपुडी ओली आहे का, ते पाहतो. मग डॉक्टरला बोलवायचे की तिला निवांत बसू द्यायचे ते ठरवतो. हा शहाणपणा आपल्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. संगणकासमोर बसलो की मात्र तो कुठे जातो कोण जाणे! माझाही गेला होता. त्याचीच हकीकत आज सांगतो.

माझी धाकटी बहीण पुण्यात कोथरूडला राहते. म्हातोबाचे हे गाव एके काळी शेतीचे होते. आज पौड रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारतीच इमारती आहेत. एका शनिवारी मी गावच्या महिला बचत गटाच्या वह्या घेऊन तिच्याकडे गेलो. आमच्या सूनबाई गटाच्या सचिव. सोमवारी बँकेत वर्षाचा हिशेब दाखवायचा होता आणि गटाला मिळायचे कर्ज त्यावर अवलंबून होते. त्या पैशांतून दोघीजणी शेळ्या घेणार होत्या, एकीला पिठाची गिरणी टाकायची होती.

भाचीने दुपारपासून बसून सगळ्या नोंदी संगणकावर चढवल्या. यंत्र जुने होते. संध्याकाळी ती म्हणाली, “मामा, हिशेब जतन व्हायला लावलाय. मी खालून दूध घेऊन येते.”

ती गेली आणि पडदा पांढुरका झाला. वर अक्षरे आली, ‘नॉट रिस्पाँडिंग’. मी माऊस दाबला, पुन्हा दाबला. काही नाही. एका कचेरीत मी एकाला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबताना पाहिले होते. मीही तेच केले. टास्क मॅनेजर नावाची चौकट उघडली. त्यात आमच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमपुढे तेच दोन शब्द. मी त्यावर बोट ठेवले आणि ‘एंड टास्क’ दाबले. पडदा स्वच्छ झाला. मला वाटले, जिंकलो!

भाची आली. तिने फाईल उघडून पाहिली, तर ती अर्धीच लिहिलेली, उघडेना. पोरगी रागावली नाही. एवढेच म्हणाली, “मामा, ते मेलं नव्हतं. लिहीत होतं.”

मंडळी, त्या रात्री तिने मला जे समजावले, ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल. आता गावोगावी घरात संगणक आले आहेत. 2001 सालापासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून आपल्या कितीतरी मुली-सुना तो चालवायला शिकल्या. पण बंद पडल्यासारखा दिसला की काय करायचे, तिथे बहुतेकांची गाडी अडते.

पहिली गोष्ट, ‘नॉट रिस्पाँडिंग’ म्हणजे मेला असा अर्थ नाही. त्याचा अर्थ ‘ओ देत नाही’ एवढाच. आपण कळ दाबली, माऊस हलवला, की विंडोज त्याची चिठ्ठी प्रोग्रॅमच्या दारात टाकते. प्रोग्रॅमने अधूनमधून दारात येऊन चिठ्ठ्या उचलायच्या, असा रिवाज आहे. पाच सेकंद तो दारात फिरकला नाही, तर विंडोज त्याच्यावर हा शिक्का मारते. पाच सेकंद! आपला माणूस विहिरीत उतरला असेल, तर पाच सेकंदांत ओ देईल का? कामात बुडालेला आणि खरोखर अडकलेला, दोघांनाही शिक्का एकच. म्हणून आपण वारंवार माऊस दाबतो त्याचाही उपयोग नसतो. दारातल्या चिठ्ठ्यांचा ढीग तेवढा वाढतो.

मग खरे काय ते कसे ओळखायचे? त्याच चौकटीत नावाच्या उजवीकडे आकड्यांचे रकाने असतात. तीच आपली नाडी.

सीपीयूचा रकाना म्हणजे डोके किती चालले आहे ते. डिस्कचा रकाना म्हणजे लिहिणे-वाचणे किती चालले आहे ते. डिस्कचा आकडा खाली-वर होत असेल, तर काम चालू आहे, थांबा. माझ्या वेळी तो आकडा हलत होता. मी पाहिलाच नाही, कारण माझी नजर त्या दोन शब्दांवर खिळली होती.

सीपीयूचा आकडा मोठा असेल, तर एक तर मोठी बेरीज चालली आहे, किंवा घाण्याच्या बैलासारखे नुसते गोल फिरणे. इथे एक खुबी लक्षात ठेवा. यंत्राच्या डोक्याचे चार भाग असतील आणि प्रोग्रॅम त्यातल्या एकाच भागावर अडकून फिरत असेल, तर आकडा 25 टक्क्यांच्या आसपास दिसतो. शंभर दिसत नाही, म्हणून तो आरामात आहे असे समजू नका.

दोन्ही रकान्यांत शून्य असेल तर? तेव्हाही घाई नको. तो कोणाची तरी वाट पाहत असेल. प्रिंटर बंद असेल, इंटरनेट गेले असेल, किंवा मागे दडलेल्या एखाद्या लहान चौकटीत त्याने आपल्यालाच प्रश्न विचारून ठेवला असेल. ती चौकट आधी शोधा. आणि एखाद्यापुढे ‘सस्पेंडेड’ दिसले तर घाबरू नका. वीज वाचवायला विंडोजनेच त्याला झोपवलेले असते.

हा टास्क मॅनेजर डेव्ह प्लमर नावाच्या मायक्रोसॉफ्टमधल्या माणसाने घरी बसून लिहिला आणि 1996 साली तो विंडोज एनटी 4.0 मध्ये आला. यंत्र इतके हुशार, मग ‘हा प्रोग्रॅम कधीच परतणार नाही’ असे ते ठामपणे का सांगत नाही? भाची म्हणाली, ते त्याच्या आवाक्यातलेच नाही. अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने 1936 सालीच सिद्ध केले आहे, की कोणताही प्रोग्रॅम दिला तरी तो कधी थांबेल की नाही हे अचूक सांगणारी एकच एक रीत असू शकत नाही. म्हणजे यंत्र फक्त लक्षणे सांगते. निदान आपल्यालाच करावे लागते.

‘एंड टास्क’ हे शेवटचे औषध. ते दाबले की प्रोग्रॅमला आवराआवर करायला वेळ मिळत नाही आणि जे जतन झालेले नाही ते गेले असे समजावे. आधी माऊसवरचा हात काढा. रकाने पाहा. दहा-पंधरा मिनिटे थांबा. एवढ्यानेही काही हलले नाही, किंवा सीपीयूचा आकडा तिथल्या तिथेच अडून बसला, तर मग दाबा. आणि काम करताना दर थोड्या वेळाने जतन करत जा, म्हणजे ती वेळ आली तरी नुकसान थोडक्यात आटपेल.

आमचे त्या दिवशी काय झाले म्हणाल, तर वह्या होत्या म्हणून निभावले. मी आकडे वाचत गेलो, भाची चढवत गेली. बहिणीने दोनदा चहा केला. रात्री दोन वाजता सगळे पुरे झाले. जतन करताना पडदा पुन्हा पांढुरका झाला, तेच दोन शब्द पुन्हा आले. या वेळी आम्ही दोघे डिस्कच्या आकड्याकडे बघत गप्प बसून राहिलो. सहा मिनिटांनी पडदा उजळला. सोमवारी हिशेब वेळेवर बँकेत गेला.

सूनबाईंना मी सगळे खरे सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मामंजी, संगणक राहू दे, पण वही टाकायची नाही.” त्यांचे म्हणणे तुमच्याही घरात लागू आहे. बरे, येतो. पुढल्या अंकी भेटू.