मी पहिलटकरीण नाही

पहिल्यांदा आई होणाऱ्या बाईसाठी आपल्या मराठीत किती छान शब्द आहे! पहिलटकरीण. त्या शब्दात कौतुक आहे, काळजी आहे आणि 'हिला अजून काही ठाऊक नाही, जरा सांभाळून घ्या' अशी घरादाराला दिलेली ताकीदही आहे. गेले काही महिने हा शब्द सतत माझ्या वाट्याला येतो आहे. मला आठवा महिना लागला आहे. बसमधली अनोळखी बाई, ऑफिसातले सहकारी, गणपतीत भेटलेली मराठी मंडळी, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, 'पहिलंच ना?'

नाही, हे दुसरं. पहिली मुलगी होती. २०२२ साली, सदतिसाव्या आठवड्यात ती जन्मली. पूर्ण वाढलेली, डोक्यावर दाट जावळ असलेली. तिने श्वास तेवढा घेतला नाही.

हे वाचून कुणाचा रविवार खराब करावा असा हेतू नाही. पण एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते, आणि ती घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावी अशी आहे. गेलेलं मूल मोजावं. त्याला मोजल्याशिवाय त्याच्या मागून येणाऱ्या मुलाचं स्वागतही नीट करता येत नाही, असं माझं मत आता पक्कं झालं आहे.

आम्ही इंग्लंडमध्ये, लंडनच्या पश्चिमेला असलेल्या रेडिंग या गावी राहतो. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो आणि राहिलो. एकदा असं मूल गेल्यानंतर परदेशात पुन्हा दिवस राहिले की दिनक्रम कसा असतो? सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी हात पोटावर जातो. आत काही हललं की मग चहा. इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला अगदी स्पष्ट आहे. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली किंवा तिची रीत बदलली, तर उद्यावर ढकलू नका. दिवस असो की रात्र, लगेच फोन करा. दिवसाला इतक्या लाथा बसल्याच पाहिजेत, असा ठरीव आकडा नाही. आपल्या बाळाची जी सवय आपल्याला ठाऊक झाली असेल, तीच खूण. अठ्ठावीस आठवड्यांनंतर झोपताना पाठीवर न झोपता कुशीवर झोपा, असंही सांगतात. आमचं हे बाळ दुपारच्या जेवणानंतर आणि रात्री नवाच्या सुमाराला उड्या मारतं. त्यामुळे दुपारचा तो अर्धा तास मी कुणाला देत नाही.

हिवाळ्यात इथे चार वाजताच अंधारून येतं. तेव्हा भारतात साडेनऊ झालेले असतात. आई जेवणं आटोपून फोनजवळ बसलेली असते. ती विचारते, 'काय खाल्लंस? पाय सुजलेत का?' मी सगळ्याची उत्तरं देते. ज्या भीतीने मला रात्री झोप येत नाही, तिच्याबद्दल ती विचारत नाही आणि मीही बोलत नाही. दोघींच्या मध्ये साडेपाच तासांचं अंतर आहेच. पण त्याहून मोठं अंतर त्या न उच्चारलेल्या नावाचं आहे.

पहिली मुलगी गेली तेव्हा इथल्या मिडवाइफने, म्हणजे सुइणीने, आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो असा, 'तिचं नाव काय ठेवायचं ठरवलं होतं?' मग तिने बाळाला नावाने हाक मारत अंघोळ घातली. हातापायांचे ठसे घेतले, जावळाची एक बट कागदात ठेवली आणि हे सगळं एका छोट्या पेटीत घालून आम्हाला दिलं. आज घरात त्या पेटीइतकी मोलाची दुसरी वस्तू नाही. मूल गमावलेल्या पालकांसाठी १९७८ पासून काम करणारी 'सॅन्ड्स' नावाची संस्था इथे आहे. केसपेपरवर चिकटवायला ती अश्रूचं एक छोटं चित्र पुरवते. पुढच्या वेळी तपासणाऱ्याने ते पाहावं, आणि 'पहिलंच ना?' असं हसत विचारू नये, एवढाच त्याचा उपयोग.

परदेशात सगळं चांगलं असतं, असं म्हणण्याचा मोह मला नाही. तपासणीला गेले असताना केसपेपर न उघडताच 'पहिल्या खेपेला वाटतेच हो भीती' असं भर वेटिंग रूममध्ये ऐकवणारी माणसं इथेही भेटली. शिवाय दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आल्यावर दार ठोठावणारं इथे कोण असतं? शेजाऱ्यांनी कार्ड टाकली, फुलं ठेवली आणि हलक्या पावलांनी निघून गेले. पंधरा दिवस वरण-भाताचा डबा आणून देणारी बाई मराठीच होती. ती फारसं बोलली नाही; डबा ठेवून शेजारी बसायची. माणसांची ती ऊब आपल्याकडची. इथल्यांजवळ शब्द होते, आपल्यांजवळ सोबत होती. दोन्ही एकत्र का मिळू नयेत?

कारण आपल्याकडून शब्द आले ते असे: 'विसरून जा.' 'देवाला आवडली.' 'अजून वय आहे, पुढचं बघ.' 'ते फोटो आता ठेवू नकोस.' आणि एका दूरच्या नात्यातल्या बाईंनी विचारलं, 'ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का गं?' यांतल्या बहुतेकांचा हेतू मला दुखवायचा नव्हता, हे मी जाणते. अशा मृत्यूत पुष्कळदा कारण सापडतच नाही. आणि कारण सापडलं नाही की ते आईच्या वागण्यात शोधायचं, ही जुनी खोड. पण माझा मुद्दा त्याहून साधा आहे. 'विसरून जा' ही आपली परंपरा आहे, असं आपण समजतो. ती तशी आहे का?

आपल्या आज्या-पणज्या आठवा. माझ्या आजीला कुणी विचारलं तर ती म्हणायची, 'मला आठ झाली, पाच जगली.' आठ हा आकडा तिने कधी पाचवर आणला नाही. कुठलं देवीत गेलं, कुठलं जन्मतःच गेलं, हे ती तांदूळ निवडता निवडता सांगायची. मुलं जगत नसली की मागून आलेल्याचं नाव दगडू, धोंडू, केरबा असं ठेवत. दृष्ट लागू नये म्हणून. त्या नावांना आपण हसलो. पण गावात धोंडू अशी हाक ऐकली की त्याच्या आधी कोणीतरी होतं, हे सगळ्यांना कळत असे. म्हणजे गेलेल्या मुलाची नोंद मागच्याच्या नावातच असे. गप्प बसणं हे आपल्या अलीकडच्या मध्यमवर्गीय घरांनी आणलं. बाळंतपण दवाखान्यात गेलं, मरण दाराआड गेलं आणि बोलायची सवय मोडली.

डॉ. आनंदीबाई जोशी आपल्याला ठाऊक आहेत त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या म्हणून. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यकीय उपचारांअभावी गेलेल्या त्या बाळाच्या दुःखातून त्यांची डॉक्टर होण्याची जिद्द उभी राहिली. १८८३ मध्ये त्या समुद्रापार गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पदवी मिळवली आणि पुढच्याच वर्षी वारल्या. तो दहा दिवसांचा मुलगा त्यांच्या चरित्रातून वगळून पाहा. चरित्राचा अर्थच लागत नाही.

कायद्याच्या वहीत तर अशी मुलं आहेतच. इंग्लंडमध्ये चोवीस आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या बाळाची रीतसर नोंद होते. १९९२ पर्यंत ही मर्यादा अठ्ठावीस आठवड्यांची होती. त्या नोंदीत नावही लिहिता येतं. आईला पूर्ण प्रसूतिरजा मिळते. त्याआधीच गेलेल्या बाळासाठी, ज्यांना हवं असेल त्यांना, फेब्रुवारी २०२४ पासून सरकारी प्रमाणपत्र मिळू लागलं आहे. आपल्या भारतातही १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने मृत जन्माची नोंद करायला सांगितली आहे आणि १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यापासून गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळत आली आहे. जगात दरवर्षी सुमारे १९ लाख बाळं अठ्ठावीस आठवड्यांनंतर मृत जन्मतात आणि संख्येने सर्वांत जास्त भारतात. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या कितीतरी घरांत असं एक मूल आहे. सरकार त्याला मोजतं, घर मोजत नाही.

काही जण म्हणतील, बोलल्याने जखम पुन्हा उघडते. आणि पोटात दुसरं असताना असं काही बोलणं अशुभ. जखमेचं म्हणाल, तर ती मिटलेलीच नसते. नाव काढल्याने मला तिची आठवण होते असं नाही. आठवण असतेच, नाव काढल्याने ती एकटीने वाहावी लागत नाही. अर्थात, एखादीला खरोखरच बोलायचं नसतं. तिच्या मनाविरुद्ध तिला बोलतं करू नये. पण हे विचारून ठरवावं, गृहीत धरून नव्हे.

आणि अशुभाचं म्हणाल, तर मला खरी काळजी वेगळीच वाटते. 'बघ, तीच परत येतेय,' असं मला प्रेमाने सांगतात. हे मला नको आहे. येणाऱ्या बाळाने स्वतःच्या पायांनी यावं. कुणाची रिकामी जागा भरायचं काम जन्माआधीच त्याच्या गळ्यात का मारावं? पहिलीला तिची जागा दिली, तरच दुसऱ्याला त्याची जागा मिळेल.

आईचा आग्रह होता, की पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. शेवटी मी फोनवर म्हटलं, 'आई, पहिलं होऊन गेलं गं. ते इथे झालं.' आमची मुलगी इथल्या दफनभूमीत, लहान मुलांच्या कोपऱ्यात आहे. तिच्या नावाची छोटी पाटी आहे. या देशात 'आमचं' म्हणावं अशी तेवढीच जागा. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'मीच येते तिकडे. तिला पाहायचंय.' तिच्या व्हिसाची कागदपत्रं आता तयार होत आहेत.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात, नात्यात, शेजारी अशी कुणी असेल, तर फार काही करायला नको. ती पुन्हा गरोदर असेल तर तिला पहिलटकरीण म्हणू नका. बाळाचं नाव ठेवलं असेल तर ते विचारा आणि एकदा तरी उच्चारा. तिच्या नवऱ्यालाही विचारा. त्याला कुणी विचारत नाही. आजी-आजोबांनाही विचारा, त्यांचंही नातवंड गेलेलं असतं. काही सुचलं नाही तर डबा घेऊन जा आणि शेजारी बसा. आणि नातवंडं किती, असं कुणी विचारलं, की सगळी मोजून सांगा.