ॲप शिकणाऱ्या मुलाला बारा दुकानदार हवेत

मोबाईल ॲप शिकण्यासाठी मुलाने क्लासची भलीमोठी फी मागितली, म्हणून एक कारागीर माझ्याकडे सल्ल्याला आले. मी कापडवाला, तरी चौकशी केली. गुगलचा ॲन्ड्रॉइडचा प्राथमिक अभ्यासक्रम मोफत आहे, ॲन्ड्रॉइड स्टुडिओही मोफत. अडचण इंग्रजीची. उर्दू माध्यमात शिकल्याने ती मी भोगली आहे. फी द्यायचीच तर इंग्रजीच्या शिकवणीला द्यावी.

खरी गाठ पुढे आहे. प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच, २५ डॉलर. परंतु १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जण सलग १४ दिवस चाचणीला लागतात. हे बारा कोण? आपणच व्हावे. थानांचा हिशेब, मजुरीची नोंद, असले एखादे ॲप त्याला करायला सांगा. उधारीची वही उघडून दाखवा. चुकले तर तोंडावर सांगा, पोरगा दुखावला तरी चालेल.